हँडलवरची पिशवी: प्रवासाची सायकल कशी घडत गेली

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

आज आपण एक पिशवी उघडणार आहोत. पिशवी आहे १८८४ सालची. आत काय आहे? मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट आणि एक छोटं रिव्हॉल्व्हर. संपलं सामान. रेनकोट पावसात अंगावर घालायचा, रात्री त्याचाच तंबू करायचा आणि तोच अंथरायचा.

एवढ्यावर थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून सायकलवर निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानच्या योकोहामाला पोचला. सायकलवर जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. वाटेत तो आपल्याकडेही आला होता. लाहोरहून ग्रँड ट्रंक रोड धरून थेट कलकत्त्यापर्यंत गेला.

आणि ती पिशवी होती कुठे? हँडलला.

आज इन्स्टावर रील बघताना तुम्हाला एखादी झकास टुरिंग सायकल दिसते. पुढे हँडलवर चौकोनी पिशवी, मागे दोन बाजूंना दोन. खाली किंमत लिहिलेली असते, ती बघून आपण रील पुढे ढकलतो. "आपलं काम नाही भो!" आजचा भाग त्यावरच आहे. प्रवासाची सायकल ही दुकानात तयार मिळणारी वस्तू कधीपासून झाली? त्याआधी ती कशी घडायची? आणि आज असोद्यातून कुणाला स्वतःची सायकल बांधून निघायचं असेल, तर या सगळ्या इतिहासातून हाताशी काय लागतं?

उंच चाक आणि तोंडावर पडणं

स्टीव्हन्सची सायकल आपल्या ओळखीची नव्हती. पुढचं चाक ५० इंचांचं, म्हणजे सव्वा मीटरहून जास्त उंच. मागचं चाक अगदी छोटं. पायडल थेट पुढच्या चाकालाच, मध्ये चेन नाही. चाक जेवढं मोठं तेवढी एका फेऱ्यात सायकल जास्त पुढे जाणार, म्हणून ते एवढं मोठं. बसायचं त्याच चाकाच्या डोक्यावर. पुढे दगड आला, चाक अडलं, की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. बराच रस्ता तर स्टीव्हन्सने सायकल ढकलत पायीच काढला.

अशा सायकलवर सामानाला जागा तरी कुठे असणार? म्हणून पिशवी हँडलला. तेव्हा ती कुणाची हौस नव्हती, दुसरी सोयच नव्हती. पण त्यातून एक गोष्ट कळली आणि ती पुढे टिकली. पुढची पिशवी डोळ्यांसमोर असते, न उतरता हात आत जातो, आणि काही सुटलं, सैल झालं तर लगेच दिसतं.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं, मध्ये बसायची जागा, चेन मागच्या चाकाला. आज गल्लीत दिसणारी सायकल तिचीच नात. असोद्यात त्या वेळी पाचेक वर्षांची एक मुलगी खेळत होती, पुढे सगळा महाराष्ट्र जिला बहिणाबाई चौधरी म्हणून ओळखणार होता. सायकलचं वय आणि बहिणाबाईंचं वय जवळपास सारखं, हे लक्षात ठेवायला सोपं जातं.

१८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने लोखंडी नळीची एक युक्ती पेटंट केली. नळी दोन्ही टोकांना जाड, मध्ये पातळ. का? तर ताण सांध्यांवर येतो, मधल्या भागावर कमी. जिथे गरज आहे तिथे जाड, बाकी ठिकाणी वजन कमी. सायकल बांधणीचं अर्धं शास्त्र या एका नळीत आहे.

मुंबईचे सहा जण

आता आपल्या राज्यात येऊ.

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरीमन कापडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे, वजनं उचलणारे पठ्ठे. काही वर्षं आधी ओव्हल मैदानावर त्यांनी एका फ्रेंच माणसाचं भाषण ऐकलं होतं. तो युरोपातून चालत हिंदुस्थानात आला होता. तो चालत येतो, तर आपण सायकलवर का जाऊ नये? डोक्यात किडा शिरला तो तिथे.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराकचं वाळवंट, मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं करत ते फिरले. नरीमन तेहरानहून परतला. गुस्तादने अमेरिकेतच राहायचं ठरवलं, आणि तिथेच केकीनेही साथ सोडली. उरलेले तिघे, आदी, जाल आणि रुस्तम, १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले. ७१ हजार किलोमीटर झाले होते.

आकडा ऐकून छाती दडपते ना? मग एक साधा भागाकार करू. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८ म्हणजे १,६१६ दिवस. ७१,००० भागिले १,६१६. उत्तर येतं दिवसाला ४४ किलोमीटर. म्हणजे जळगावहून भुसावळला जाऊन यायचं, त्यापेक्षाही थोडं कमीच. यात मुक्कामाचे दिवस आहेत, बोटीतले दिवस आहेत, चालवायचे दिवस अर्थातच जास्त कष्टाचे असणार. पण सरासरी ४४. आपल्या गावात रोज दूध घालणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "एवढंच का?"

त्यांच्या मागोमाग जानेवारी १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटाच निघाला. क्रीडा पत्रकार होता, वय तिशीचं. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टावयानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार भेटला आणि दोघांनी मिळून सहारा आणि अ‍ॅमेझॉनही पार केलं. सात वर्षांत १ लाख १० हजार किलोमीटर. पुढे १९३३ मध्ये केकी खारास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ मध्ये परतले. तोवर ८४ हजार किलोमीटर झाले होते आणि दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं.

वीस वर्षांत एकाच शहरातून तीन मोहिमा! तरी शाळेच्या पुस्तकात आपण यातलं एकही नाव वाचलेलं नाही. गोव्यात राहणारे अनूप बबानी आणि सविया व्हिएगास यांनी या सायकलस्वारांचे फोटो, पुस्तकं, आठवणी शोधून लोकांपुढे आणल्या, म्हणून आज आपण ही नावं घेऊ शकतो.

आणि लक्षात घ्या, खास प्रवासासाठी बनवलेली सायकल ही गोष्ट तेव्हा हिंदुस्थानात मिळतच नव्हती. गिअरची सायकलसुद्धा इथे कुणी फारशी पाहिली नव्हती. प्रवास आधी सुरू झाला, त्याला साजेशी सायकल मागाहून आली.

गिअर म्हणजे कमजोरी?

प्रवासाच्या सायकलला आज जे रूप आहे, ते मुख्यतः फ्रान्समध्ये घडलं. त्यात पहिलं नाव पॉल द व्हिव्हीचं. लोक त्याला 'व्हेलोसिओ' म्हणत. सेंट एटिएन गावचा माणूस. त्याने १८८७ पासून सायकलवरचं मासिक चालवलं. आयुष्यभर एकच गोष्ट तो सांगत राहिला: साध्या माणसाला डोंगर चढायचा असेल तर सायकलला गिअर हवेत.

समोर विरोधक कोण होता? 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज. त्याचं मत, गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. खरा पैलवान एकाच गिअरवर चढतो. त्यामुळे आजच्यासारखे चेन सरकवणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालायचे नाहीत. फिरायला जाणारी साधी माणसं मात्र ते कधीच वापरायला लागली होती. म्हणजे या बाबतीत हौशी प्रवासी पुढे होते आणि जगातले सगळ्यात तगडे सायकलपटू मागे.

१९३० च्या दशकात तिथे सायकलींच्या परीक्षा व्हायच्या. शर्यत माणसांची नाही, सायकलींची. डोंगरातल्या खडबडीत रस्त्यांवर सायकल न्यायची. वजन कमी असेल तर गुण, वाटेत काही मोडलं तर गुण कापले. मडगार्ड, दिवा, कॅरियर सगळं अंगावर असताना. या परीक्षांतून पॅरिसजवळचे आलेक्स सिंगर, रने हर्स यांच्यासारखे कारागीर पुढे आले. गिऱ्हाइकाची उंची मोजायची, तो कुठल्या रस्त्याने जाणार, किती सामान नेणार हे विचारायचं आणि मग त्याच्यासाठी एक सायकल घडवायची. शिंपी सदरा शिवतो तशी.

आणि १९३६ मध्ये तिथे एक कायदा झाला. कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी. गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीचेही पैसे मिळाले. गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मग हजारो लोक सायकलला पिशव्या बांधून समुद्र बघायला निघाले. प्रवासाची सायकल घराघरात पोचली ती अशी.

त्याच १९३६ च्या डिसेंबरात आपल्या पूर्व खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की सगळी उभारणी आसपास मिळणाऱ्या सामानातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून व्हावी. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूंनी ते नगर सजवलं. बाहेरून झगमगाट आणण्यापेक्षा हाताशी आहे त्यातून नीट बांधायचं. हे वाक्य मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

काळी सायकल आणि आपले मिस्त्री

आपल्याकडे काय चाललं होतं? दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक सायकली विलायतेहून यायच्या. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हिरो. सगळ्यांचा नमुना जवळपास एकच. काळी, २८ इंची, सळईचे ब्रेक, चेनकव्हर, भक्कम कॅरियर. गिअर एक. नवरदेवाला सायकल आणि घड्याळ मिळालं की लग्न दणक्यात झालं म्हणायचे. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल किंवा डबल सीट असाल तर पोलीस अडवायचा. आजोबांना विचारा, प्रत्येकाकडे यातला एक तरी किस्सा निघेल.

कारखान्यातून सगळ्या सायकली सारख्या निघायच्या, पण गावात सहा महिन्यांनी दोन सायकली सारख्या राहायच्या नाहीत. दूधवाल्याने मागचा कॅरियर रुंद करून दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला आकडे लावून घेतले. पोस्टमनची पिशवी हँडलला, कारण पुढच्या दारात कुणाचं पत्र टाकायचं ते न उतरता बघता आलं पाहिजे. धार लावणाऱ्याने स्टँडवर उभ्या सायकलच्या चाकाला पट्टा जोडला आणि पायडल मारून दगड फिरवला. मुंबईच्या डबेवाल्याने तर हँडल, कॅरियर, नळी, जिथे जागा मिळेल तिथे डबे अडकवले.

पॅरिसच्या कारागिराने गिऱ्हाइकाला जे दोन प्रश्न विचारले, तेच आपल्या मिस्त्रीने विचारले: काय न्यायचंय? कुठल्या रस्त्याने? तिकडे त्याला 'कस्टम बिल्ड' म्हटलं. इकडे "जरा जोर लावून बसवून द्या" म्हटलं. फरक एवढाच की तिकडच्या कारागिराचं नाव सायकलच्या नळीवर लिहिलं गेलं, म्हणून ते आपल्याला माहीत आहे. आपल्या मिस्त्रीचं नाव कुणी लिहिलं नाही.

असोद्यातून बांधायची तर

आता कामाचं बोलू. समजा असोद्याहून पहिला प्रवास अजिंठ्याचा. जळगावपासून लेणी साधारण साठ किलोमीटर. पुढे जमलं तर चाळीसगावहून कन्नडचा घाट, किंवा जुन्या सहा नंबर हायवेने धुळे आणि तिथून आग्रा रोड. मग प्रश्न दोनच. रस्ता कसा? सामान किती?

रस्ता. आपली काळी कपाशीची माती पावसात पायाला सोडत नाही, तर चाकाला काय सोडणार! टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर तरी फट हवी, नाहीतर शिवारातल्या रस्त्यावर चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीचे काटे बारा महिने आहेत, म्हणून टायर रुंद आणि जाड. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्यांची जागा आधीच ठरवा.

फ्रेम. जुनी लोखंडी फ्रेम मिळाली तर उत्तम. २६ इंची चाकाची जुनी माउंटन सायकल फार कामाची. तिचे टायर, ट्यूब, स्पोक तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळतात. घेण्याआधी दोन गोष्टी करा. सांध्यांजवळचा रंग तडकलाय का, ते नीट बघा, कारण चीर तिथेच सुरू होते. मग दोरा लावून बघा. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधायचा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजायचं. सारखं असेल तर फ्रेम सरळ. दोन रुपयांच्या दोऱ्यात होणारी ही परीक्षा आहे.

चाकं. ३६ स्पोकची घ्या. आणि "आऊट काढणं" ज्याच्या हातात आहे, अशाच मिस्त्रीकडे द्या. एकेक स्पोक पान्ह्याने थोडा कसत, थोडा सोडत चाक सरळ आणणं हे बोटांनी आणि कानांनी करायचं काम आहे. चांगला मिस्त्री स्पोकला टिचकी मारतो आणि आवाजावरून कुठला सैल आहे ते सांगतो.

गिअर. इथे व्हेलोसिओचं ऐका. काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीवर मस्त, पण घाटात गुडघ्याचा जीव जातो. पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील, तर २६ इंची चाक एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या आसपासच जातं. हळू जाते, पण चढते. आपल्याला देग्रांजला खूश करायचं नाहीये.

ब्रेक. जुन्या क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि चांगले गुटके. यात पैसे वाचवू नका.

आणि बांबू? सांगितलं होतं ना लक्षात ठेवा म्हणून. बांबूची सायकल ही काही कालची टूम नाही, लंडनच्या प्रदर्शनात ती १८९४ मध्येच मांडली गेली होती. आज हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक पुण्याजवळ 'बाम्बूची' नावाने बांबूच्या सायकली बनवतात. म्हणजे फ्रेम इथे बनू शकते, आपल्याच मातीत वाढणाऱ्या गोष्टीतून. जुन्या सायकली डोळ्यांनी बघायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथले सांधे, कॅरियर, दिवे जवळून बघा. एक दुपार पुरणार नाही.

आता पिशवी बसवू

पिशवी हँडलला अडकवली की झालं, असं वाटतं. पण पुढचं वजन हँडलबरोबर वळतं. मागच्या कॅरियरवरचं पोतं स्थिर असतं, पुढची पिशवी मात्र प्रत्येक वळणाला हलते. ती जितकी उंच आणि जितकी पुढे लोंबणारी, तितकं हँडल ओढल्यासारखं होतं.

फ्रेंच कारागिरांनी यावर दोन उपाय केले. पहिला, पिशवी हँडलला लटकवायची नाही, तर पुढच्या चाकावर एक छोटा कॅरियर बसवून त्यावर टेकवायची. हँडलकडे फक्त वरून धरणारी एक कडी. वजन खाली गेलं, हलणं थांबलं. दुसरा उपाय चिमट्यात. हँडलच्या नळीची रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत ओढा. ती जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्यात थोडं अंतर असतं. टायर मागे असतो, म्हणून सायकल आपोआप सरळ राहते, ट्रॉलीचं चाक जसं मागे वळून सरळ होतं तसं. वेगाच्या सायकलींत हे अंतर साधारण ५५ ते ६० मिलिमीटर असतं. पुढे पिशवी नेणाऱ्या फ्रेंच सायकलींत चिमट्याला जास्त बाक देऊन ते ३० ते ४५ मिलिमीटरपर्यंत आणलं. त्यामुळे पिशवी भरलेली असतानाही हँडल हलकं राहतं.

आपण काही चिमटा बदलायला जात नाही. म्हणून हे करा:

वजन कमी ठेवा. कॅरियर नसेल तर दोन-तीन किलोच्या वर नको. पुढे कॅरियर असेल तर पाच किलोपर्यंत.

पुढचा कॅरियर गावातला वेल्डर करून देईल, पण चिमट्याला वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने नळी कमजोर होते आणि पुढचा चिमटा तुटणं म्हणजे थेट दवाखाना. पट्ट्या आणि नट-बोल्टने कसून बसवा.

पिशवी ताडपत्रीची किंवा जाड कॅनव्हासची. तळाला आणि मागच्या बाजूला पातळ प्लायवूड किंवा प्लास्टिकचा पत्रा घाला, म्हणजे ती चाकाकडे पोट सोडणार नाही. बॅगा शिवणाऱ्याकडे माप घेऊन जा. हँडलच्या दोन मुठींमधलं अंतर आणि कॅरियरपासून हँडलपर्यंतची उंची, ही दोन मापं पुरतात. ब्रेकची वायर दाबली जात नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकही पट्टा लोंबता नको. पुढच्या चाकात पट्टा अडकला की काय होतं? तेच, जे स्टीव्हन्सच्या उंच सायकलवर व्हायचं. माणूस हँडलवरून तोंडावर.

दिवा पिशवीने झाकला जातो, म्हणून तो खाली कॅरियरच्या बाजूला घ्या. मग पिशवीत दोन किलो तांदूळ भरून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारा. हळू चालवून बघा, खड्ड्यातून बघा, जोरात ब्रेक दाबून बघा. मगच प्रवास.

आत काय ठेवायचं? सोपा नियम: चालता चालता लागतं ते पुढे, मुक्कामाला लागतं ते मागे. पुढे पंक्चरचं सामान, पान्हा, रेनकोट, ओआरएसची पाकिटं, शेंगदाणे-गूळ, आणि आपलं केळं तर हवंच. पूर्वी या पिशवीच्या झाकणावर नकाशाचा कप्पा असायचा, आता तिथे मोबाइल. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटर काढायच्या फेऱ्यांमध्ये, शिक्के मारायचं कार्डही लोक याच पिशवीत ठेवतात. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. गणित केलंत तर तासाला पंधराही नाही.

पिशवी कुणाची?

शेवटी एक गोष्ट बोलायची आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली बघा. मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. मुलींच्या सायकलला पुढे टोपली असते. दप्तर, डबा, कधी धाकट्या भावाचं दप्तर, सगळं त्यात. हँडलवर वजन घेऊन, खड्डे चुकवत, खडीच्या रस्त्यावरून रोज सायकल चालवणं हे कौशल्य त्या मुलींकडे आधीच आहे. फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही की याला टुरिंग म्हणतात, आणि याच हिशेबावर माणसं जग फिरून आली.

दुसरं, मिस्त्री. गावोगावची तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं गेली. आऊट काढणारे, ओव्हरऑईल करणारे, पितळाने सांधा जोडणारे हात म्हातारे होत चाललेत. शेजारी मोबाइलचं दुकान चालतं, त्यांची पोरं तिथे बसतात. त्यात चूक काही नाही, पोट भरलं पाहिजे. पण हे शिक्षण पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. व्हेलोसिओने मासिक काढलं म्हणून त्याचं म्हणणं टिकलं. मुंबईच्या सायकलस्वारांनी पुस्तकं लिहिली म्हणून ते शंभर वर्षांनी सापडले. आपल्या मिस्त्रीकडे मासिक नाही, पुस्तक नाही.

तुमच्याकडे मात्र फोन आहे.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या सायकल मिस्त्रीकडे जा. त्यांच्यासमोर बसून एक चाक बांधून घ्या, स्पोक कसा कसतात ते शिका आणि त्यांची परवानगी घेऊन व्हिडिओ करा. त्यांना विचारा, आजवर कुणाकुणासाठी कसल्या कसल्या सायकली करून दिल्या. उत्तर ऐकून तुम्हाला पॅरिस आठवेल. आणि काम झाल्यावर पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका.

पुढच्या भागात भेटू. तोवर हवा भरा, चेनला तेल द्या, आणि पट्टे बांधून ठेवा!